सागरी मीठकण (ढगनिर्मितीतील भूमिका)

समुद्राच्या फेसातून हवेत उडालेले मिठाचे सूक्ष्म कण. ढगाचा थेंब ज्या बीजाभोवती धरतो त्या संघनन केंद्रकांपैकी हे एक.

लाटेवरचा बुडबुडा फुटला की त्याच्या पापुद्र्याचे बारीक तुषार होतात आणि तळातून उसळलेल्या पाण्याचे जरा मोठे थेंब सुटतात. ते वाळले की मीठ उरते. वारा वाढला की फेस वाढतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावर दोन्हींची चंगळ असते.

अगदी निर्मळ हवेत, कशाच्याही आधाराविना थेंब धरायचा तर सापेक्ष आर्द्रता (हवा बाष्पाने काठोकाठ भरली की 100 टक्के) 400 टक्क्यांच्या आसपास न्यावी लागेल. प्रत्यक्ष ढगात ती 100 च्या वर जेमतेम एखादा टक्का चढते. मीठ मात्र 75 टक्क्यांनाच पाणी ओढून विरघळते. आषाढात पुण्यातल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते यामुळेच.

तरीही ‘मिठामुळे ढग होतात’ हे अर्धेच खरे. संख्येने पाहिले तर बहुतेक केंद्रके सल्फेट, धूर अशा इतर कणांची असतात. मिठाचे मोल आकारात आहे. ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. सगळे सारखेच बारीक असले तर ते एकमेकांवर फारसे आदळत नाहीत. एका मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठ्या मीठकणावरचा थेंब सुरुवातीलाच थोराड असतो, खाली येताना धाकट्यांना गिळत जातो. धुरकट हवेत, जिथे पाणी असंख्य कणांत वाटले जाते, तिथे असे मोजके थोराड थेंबही पुरतात.

पुण्यात हा विषय पुस्तकी राहिला नाही. 1962 साली स्थापन झालेल्या, पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 1973 ते 1986 या काळात, मधली काही वर्षे वगळून 11 पावसाळे, शहराच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या टापूत विमानातून ढगांत मीठ फवारले. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात संगजिऱ्याची भुकटी मिसळलेली असे (बरणीचीच अडचण, विमानात). पाऊस सरासरी 24 टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र तो भरदार, किलोमीटरभराहून जाड ढगांच्या जोरावर. पातळ ढग मीठ पडल्यावर विरूनच जात.