जेआरएफ निघते पण कागदावर अडकते: समाजशास्त्र असो की पार्टिकल फिजिक्स, फॉर्म भरण्याआधी एवढं बघा

माझ्याकडे फॉर्म दाखवायला येणारी मुलं दोन टोकांची असतात. एक ऊसतोड कामगारांवर पीएचडी करायची म्हणून समाजशास्त्रातून नेट (प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देणारी, आणि दुसरी न्यूट्रिनोच्या मागे लागलेली फिजिक्सची. अभ्यासाचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण अडकतात दोघं एकाच ठिकाणी. परीक्षेत नाही, कागदात. अभ्यास कमी पडला म्हणून गेली तर परत देता येते, पण निघालेली जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना दर महिन्याला पैसे देणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, हातातून जाताना बघवत नाही हो.

आधी साध्या गोष्टी पटकन सांगतो. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र या सगळ्यांना यूजीसी-नेट, फिजिक्सला सीएसआयआर-यूजीसी नेट. पार्टिकल फिजिक्सचा वेगळा पेपर नसतो, ते फिजिकल सायन्सेसमध्येच येतं. दोन्ही परीक्षा एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) घेते, यूजीसी-नेटला निगेटिव्ह मार्किंग नाही, सीएसआयआरला आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,०००, पुढे एसआरएफ (सीनिअर फेलोशिप) झाल्यावर ४२,००० (हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे), वर नियमाप्रमाणे घरभाडं. आणि पुणे विद्यापीठ घेतं ती सेट ही राज्य पातळीवरची परीक्षा महाराष्ट्र-गोव्यात असिस्टंट प्रोफेसरसाठी चालते, पण तिच्यावर फेलोशिप मिळत नाही, हे दर वर्षी कुणाला तरी नव्याने सांगावं लागतं.

आता खरी गोची. जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला. फॉर्ममध्ये ओबीसी-एनसीएल (एनसीएल म्हणजे नॉन-क्रिमीलेअर) म्हणजे केंद्राच्या यादीतला ओबीसी, राज्याच्या नाही. मागच्या खेपेला फिजिक्सचा एक मुलगा फाईल घेऊन आला, सगळं व्यवस्थित लॅमिनेट केलेलं, नॉन-क्रिमीलेअर पण होतं, पण राज्याच्या नमुन्यातलं. वर ‘राज्य शासनाच्या सेवेसाठी’ असं सरळ छापलेलं. तो म्हणाला सर सेतूवाल्याने हेच दिलं. बरोबर आहे, तुम्ही नुसतं नॉन-क्रिमीलेअर मागितलं की राज्याचंच हातात पडतं. केंद्राच्या नमुन्यातला दाखला पाहिजे असं अर्जातच स्पष्ट लिहा आणि हातात आल्यावर खिडकीवरच उभं राहून वाचा, घरी जाऊन नाही.

धनगर, वंजारी वगैरे मुलं विचारतात की आमचं एनटी (भटक्या जमाती) फॉर्ममध्ये दिसतच नाही. केंद्रात एनटी असा वेगळा प्रवर्ग नाहीच, या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा ओबीसी-एनसीएल निवडायचं आणि दाखला त्याच नमुन्यात काढायचा. बाकीच्यांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघा, कारण राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. एसईबीसीचा (राज्याच्या मराठा आरक्षणाचा) दाखला इथे चालत नाही, पण घरचं उत्पन्न आणि मालमत्ता निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटक) भरता येतं, फक्त तो दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचा लागतो. मागच्या वर्षीचा जोडून बसतात आणि मग रडतात.

उत्पन्नाचाही घोळ आहे. केंद्राच्या नियमात क्रिमीलेअरसाठी वर्षाला ८ लाखाची मर्यादा बघताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, पगारदारांचं पद कुठल्या वर्गातलं ते बघतात. म्हणजे वडील क्लार्क असतील आणि पगार ८ च्या वर गेला म्हणून आपोआप क्रिमीलेअर होत नाही. ऑफिसात कुणी पगाराची स्लिप बघून परत पाठवलं तर गप्प निघून येऊ नका, नियम दाखवा, लेखी उत्तर मागा. लग्न झालेल्या मुलींचा दाखला आई-वडिलांच्याच स्थितीवर निघतो, नवऱ्याच्या उत्पन्नावर नाही. एका मुलीला सासरचे कागद आणा म्हणून चार फेऱ्या मारायला लावल्या, काही गरज नव्हती. फॉर्मवर नाव मात्र दहावीच्या सर्टिफिकेटवरचंच टाका.

यूजीसी-नेटला एमएला ५५ टक्के लागतात, ओबीसी-एनसीएल, एससी, एसटी, दिव्यांग यांना ५०. राउंड ऑफ होत नाही, ५४.९ म्हणजे नाही म्हणजे नाही. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीचं पत्र आत्ताच घ्या, स्वतः दहाने गुणून टाकू नका, प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म्युला वेगळा असतो. शेवटच्या वर्षाला असताना देता येते, पण निकालापासून दोन वर्षांत तेवढ्या टक्क्यांनी एमए पूर्ण करावं लागतं. सीएसआयआरवाल्यांनी टक्क्यांची अट त्यांच्या माहितीपत्रकातून वाचा, मित्राच्या यूजीसीच्या फॉर्मवरून नको. यूजीसी-नेटमधून जेआरएफला वय ३० पर्यंत, मुलींना आणि ओबीसी-एनसीएल, एससी, एसटी, दिव्यांग यांना ५ वर्षं सूट.

मुदतीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. यूजीसीचं अवॉर्ड लेटर तीन वर्षं चालतं, तेवढ्यात पीएचडीला लागून जॉइन व्हायचं. मुलं समजतात तीन वर्षं पैसे मिळतात. तसं नाही, तेवढ्यात जॉइन झाला नाहीत तर काहीच मिळत नाही, आणि आपल्याकडे गाईड मिळण्यातच वर्ष जातं. २०२४ पासून फक्त पीएचडीसाठी पात्र अशीही एक कॅटेगरी आहे, पीएचडीच्या प्रवेशाला तिचे मार्क एकच वर्ष धरतात, ७० टक्के वेटेज नेटचं आणि ३० मुलाखतीचं. आधीच पीएचडीला असाल तर फेलोशिप निकालाच्या किंवा जॉइनिंगच्या तारखेपासून, जी नंतरची असेल तिथून, मागचे पैसे नाही मिळत.

जॉइन झाल्यावर दर महिन्याला तुमची हजेरी संस्थेने पोर्टलवर कन्फर्म करावी लागते. तो क्लार्क रजेवर गेला की तुमचे ३७,००० पण रजेवर. तेव्हा महिन्याच्या शेवटी ऑफिसात एक चक्कर मारा, कन्फर्मेशन झालं का विचारा, आणि नसेल झालं तर तिथेच थांबून करून घ्या.