पेडण्याचा 'र' आणि आरतीतली फळी

म्हापशाहून उत्तरेला निघालं, कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका सुरू होतो. देवनागरीत नाव 'पेडणे', रोमन अक्षरांत 'पेर्नेम'. बाहेरून आलेला पाहुणा ते जसंच्या तसं वाचतो आणि आपण त्याला सांगतो, अहो पेडणे म्हणा. पण तो 'र' आला कुठून? आणि शेवटी 'म' कशाला?

'म'चं उत्तर सोपं आहे. पोर्तुगीज भाषेत शब्दाच्या शेवटी 'एम' हे अक्षर आलं तर ओठ मिटायचे नसतात, आधीचा स्वर नाकातून काढायचा असतो. म्हणजे तो आपला अनुस्वारच. कोंकणीत आजही 'पेडणें' म्हणतात. सांगे, केपे, शिवोली, पणजी या सगळ्यांच्या जुन्या रोमन स्पेलिंगला हे शेपूट आहे.

'र' जास्त मोलाचा आहे. एकदा 'डबा' म्हणून पाहा, मग 'वाडा' म्हणा. 'डबा'च्या सुरुवातीला जीभ टाळूला टेकून क्षणभर थांबते. 'वाडा' म्हणताना ती नुसती आपटून परत येते. पोर्तुगीज भाषेत 'ड' नाही. तिथून आलेल्या कारकुनाला ही आपट आपल्या 'र'सारखी ऐकू आली आणि त्यानं 'र' लिहिला. चोडण बेटाच्या रोमन नावात 'र' शिरला तोही असाच. आवाज साठवणारा फोनोग्राफ १८७७ सालचा. त्याच्या कितीतरी आधी गोव्यात लोक कसे बोलत होते, याचा पुरावा आपण रोज रस्त्याकडेला पाहतो.

अर्थात एका गावाच्या नावावरून काही सिद्ध होत नाही. अशा हजारो नोंदी हव्यात: कोणत्या साली, कोणत्या हातानं, शब्दात कुठे. जुन्या भाषांवर पीएचडी करणाऱ्याचं काम आज नेमकं हे आहे, आणि त्यासाठी कॉम्प्युटर लागतो. मी हे काम करते, म्हणून त्याची आतली बाजू सांगते.

गोव्याइतकं या अभ्यासाला सोयीचं ठिकाण क्वचितच असेल. १५५६ साली इथे छापखाना आला. १५९५ साली दियोगु दु कोतु या इतिहासकाराच्या हाती सरकारी दफ्तर सोपवलं गेलं, तेच आजचं पणजीचं पुराभिलेखागार. गावकरीचे, म्हणजे गावच्या सामायिक कारभाराचे, जुने हिशेब गोयकानडी या जुन्या लिपीत, पत्रव्यवहार मोडीत, बांदोड्याच्या नागेशीचा १४१३ सालचा शिलालेख देवनागरीत, आणि फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं मराठी ओव्यांतलं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं ते रोमन लिपीत. जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी रोमन अक्षरांत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातल्या कथा तर पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात जाऊन पोचल्या. भाषा दोन आणि लिप्या चार. त्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कागदाचा शत्रू घरातच.

पान स्कॅन केलं की लोकांना वाटतं काम झालं. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात शब्द शोधता येत नाही. हस्ताक्षर वाचायला कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. 'ट्रान्सक्रिबस'सारख्या प्रणालीला आधी साधारण २५ ते ७५ पानं माणसानं ओळीला ओळ लावून उतरवून द्यावी लागतात. मग ती एकेक ओळ पट्टीसारखी पाहते आणि प्रत्येक जागी कोणतं अक्षर असण्याची शक्यता किती, याचा हिशेब मांडते. मोडीत हे अवघड जातं. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगत जातो, शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही.

शंभर अक्षरांत पाच चुकली तर चुकीचं प्रमाण पाच टक्के. ऐकायला छान वाटतं. पण पाच अक्षरांचा शब्द धरला तर दर चार-पाच शब्दांमागे एक शब्द बिघडलेला असतो. त्यातून भाषेचा इतिहास लिहायचा म्हणजे धोकाच.

आणि खरा धोका याहून वेगळा आहे. एका मोडी कागदात 'जाला' हा शब्द चारदा आला होता. मॉडेलनं, म्हणजे अशा शिकवलेल्या प्रणालीनं, चारही ठिकाणी 'झाला' करून दिलं. अक्षर स्वच्छ होतं, वाचायला अडचण नव्हती. पण मॉडेलचा शब्दसंग्रह आजच्या मराठीवर पोसलेला, त्यात 'झाला' लाखो वेळा आणि 'जाला' जवळपास नाहीच. म्हणून त्यानं समोर दिसणाऱ्या अक्षरापेक्षा सवयीवर भरवसा ठेवला. कोंकणीत आपण आजही 'जालो', 'जालें' म्हणतो. जुनी मराठी आणि कोंकणी जिथे इतक्या जवळ उभ्या होत्या, तीच जागा पुसली गेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

हे माणसंही करतात. चवथीला घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती रंगात आली की 'फणिवरबंधना'चं हमखास 'फळीवर वंदना' होतं. कमरेला नाग बांधलेला गणपती डोळ्यांसमोर येत नाही, आणि फळी तर घरात असते. अनोळखी शब्द जीभ ओळखीच्या शब्दाकडे वळवते. म्हणून हस्तलिखितांच्या अभ्यासात जुना नियम आहे: दोन प्रतींत दोन पाठ असतील तर बहुधा अवघड पाठ आधीचा. फळीचा फणिवर कोणी करणार नाही.

वाचणाऱ्या यंत्रालाही हाच नियम लावावा लागतो. आम्ही प्रत्येक ओळ दोन थरांत ठेवतो. एका थरात कागदावर जे दिसतं तेच, विक्षिप्त स्पेलिंगसकट. दुसऱ्यात आजचं रूप, म्हणजे शोधणाऱ्याला सापडावं. दोन्ही थर फोटोतल्या नेमक्या जागेशी बांधलेले असतात, शंका आली तर मूळ अक्षर एका क्लिकवर समोर. जिथे यंत्राची खात्री कमी, तिथे त्यानं एक उत्तर ठोकून न देता पर्याय मांडावेत. ग्रीक शिलालेखांवर काम करणाऱ्या 'इथाका' या प्रणालीचा २०२२ सालचा अनुभव बोलका आहे. गहाळ मजकूर भरताना इतिहासकारांचं एकट्यानं २५ टक्के बरोबर आलं, यंत्राचं ६२ टक्के. यंत्रानं सुचवलेले पर्याय पाहून इतिहासकारांनी निवड केली तेव्हा ७२ टक्के.

चुका जपायचं आणखी एक कारण आहे. 'क्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज माहीत नाही. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ तगला तो हातानं उतरवलेल्या प्रतींमुळे. त्यांतली एक देवनागरी प्रत लंडनला मार्सडेन संग्रहात आहे. कोणती प्रत कुणावरून उतरली, हे सारख्या चुकांवरून ओळखतात. दोन प्रतींत एकच शब्द एकाच तऱ्हेनं बिघडलेला असेल तर त्यांचा पूर्वज एक. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची वंशावळ मांडतात तीच गणितं इथे चालतात. १९९८ साली चॉसर या इंग्रज कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका भागाच्या ५८ हस्तलिखितांवर ती लावून पाहिली गेली आणि ते काम 'नेचर'मध्ये छापून आलं. आपल्या ओव्यांवर ती लावायची तर प्रती आधी चुकांसकट उतरायला हव्यात.

शाईचंही थोडं सांगते. पोर्तुगीज दफ्तरातली लोह आणि टॅनिनची शाई कागद जाळते, अक्षर पलीकडच्या पानावर उमटतं. पोथीची काजळीची शाई तसं करत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात फोटो घेतला तर लोहाची शाई विरत जाते आणि काजळी काळीच राहते. एकाच पानावर दोन हात, दोन शाया असतील तर त्या अशा वेगळ्या करता येतात.

तुमच्या घरी माळ्यावर मोडीचे कागद असतील तर ते लॅमिनेट करू नका, पुन्हा कधी सुटणार नाहीत. कोरड्या दिवशी, खिडकीजवळ, बाजूनं येणाऱ्या उजेडात फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, मागची बाजूही घ्या. आणि घरातल्या कुणा आजोबांना मोडी वाचता येत असेल तर त्यांच्याकडून दहा ओळी उतरवून घ्या. लिहिताना सुधारू नका. कागदावर 'जाला' असेल तर 'जाला'च लिहा.