तलाव भरतात, पाण्याने आणि गाळानेही

जुलैच्या एखाद्या सकाळी मुंबईत बातमी येते की तुळशी भरून वाहू लागला. मग विहार, तानसा, मोडक सागर. सातही तलावांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि शहराला दिवसाला लागते त्यातले सुमारे ३८५ कोटी लिटर. टक्के वाढले की आपला जीव भांड्यात पडतो. त्याच दिवसांत आमच्या नळाला कधीकधी मातकट पाणी येते आणि आई फडताळातला तुरटीचा खडा काढते. सकाळी हंड्याच्या तळाशी तपकिरी साय बसलेली असते. सह्याद्रीचा तो एवढासा तुकडा भिंत, बोगदे, जलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्र ओलांडून आलेला असतो. ज्याला जमले नाही तो कितीतरी पट मोठा ढीग मागे धरणातच राहतो. टक्क्यांत आपण पाणी मोजतो, हा ढीग मोजत नाही.

तो तिथे का राहतो, हे हंड्यातच कळते. वाहते पाणी घुसळत असते आणि त्या घुसळणीवर कण तरंगत राहतात. पाणी थांबले की प्रत्येक कण आपापल्या वेगाने खाली निघतो. बारीक कणाचा व्यास निम्मा झाला तर वेग चौथाईवर येतो. एक दशांश मिलिमीटरचा रेतीचा कण मीटरभर पाणी दोनेक मिनिटांत उतरतो. २ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या, चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात. तुरटी अशा कणांच्या गुठळ्या करते, म्हणून ते रात्रीत बसतात.

आता हंड्याच्या जागी मोडक सागर धरा. पावसाळ्यात वैतरणा गोटे, रेती, पोयटा सगळे घेऊन उतरते. जलाशयाच्या तोंडाशी तिचा वेग एकदम पडतो. गोटे आणि जाड रेती तिथेच टाकली जाते आणि पाण्याखाली पंखा पसरावा तसा थर तयार होतो. बारीक माती पुढे भिंतीपर्यंत जाते. पूर मोठा असेल तर गढूळ, जड पाणी वरच्या स्वच्छ पाण्याखाली बुडी मारून तळातळाने सरकते. वरून जलाशय निवांत दिसत असताना खाली चिखलाची वेगळीच नदी वाहत असते. मला या सगळ्या विषयात हे दृश्य सर्वांत विलक्षण वाटते.

इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. धरण बांधताना तळाशी मृतसाठा, म्हणजे वापरात न येणारा साठा, राखलेला असतो, सगळा गाळ त्यातच बसेल आणि वरचे वापराचे पाणी शाबूत राहील, असे पुष्कळांना वाटते. पण जाड रेतीचा तो पंखा जलाशयाच्या वरच्या टोकाला, म्हणजे वापराच्याच साठ्यात पसरतो. बीड जिल्ह्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर तेलंगणात १९३१ साली निजामसागर पूर्ण झाले. चार दशकांत त्याची निम्म्याहून अधिक क्षमता गाळाने खाल्ली. शेवटी उंची वाढवावी लागली.

मग १८६० सालचा विहार आजही पिण्याचे पाणी कसा देतो? उत्तर त्याच्या काठावर आहे. विहार आणि तुळशीचे पाणलोट क्षेत्र जंगलात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. पानांचा थर पावसाचा मार झेलतो, मुळे माती धरतात, आणि ओढ्यातून येते ते तुलनेने निवळ पाणी. शेजारचा पवई तलाव त्याच नदीखोऱ्यातला, वयाने तीस वर्षांनी लहान. पण त्याच्या भोवतीच्या टेकड्यांवर दगडखाणी चालल्या, पुढे इमारती आणि वस्ती आली. आज तो गाळाने आणि जलपर्णीने भरला आहे आणि त्याचे पाणी कोणी पीत नाही. पाऊस तोच, खडक तोच, फरक काठाचा.

धरणाच्या खाली काय होते, याकडे मुंबईकरांचे लक्ष फार कमी जाते. गाळ टाकून सांडव्यावरून पडणारे पाणी रिकाम्या हाताने निघते, पण त्याची ओढून नेण्याची ताकद तशीच असते. शास्त्रज्ञ त्याला भुकेले पाणी म्हणतात. ते पात्राचा तळ आणि काठ खरवडते. बारीक माती निघून जाते, मागे गोट्यांचे चिलखत उरते. वैतरणेवर अशी तीन धरणे आहेत: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर. तिला मिळणाऱ्या तानसेवर चौथे. एवढ्या भिंती ओलांडून ही नदी अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. खाडीत पूर्वी डुबी मारून, हातपाटीने रेती काढत. मग सक्शन पंप आले आणि रेल्वेच्या पुलाच्या खांबांपर्यंत चिंता पोहोचली. रेती काढण्याचा वेग आपण वाढवला, वरून नवी रेती येण्याची वाट मात्र अडवली. किनाऱ्याच्या झिजेचा दोष एकट्या धरणांवर टाकता येणार नाही. लाटा, बंधारे, उपसा सगळेच त्यात आहे. पण नाईलवर १९७० साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाल्यावर तिच्या रशीद या फाट्याचे मुख समुद्राने कसे खाल्ले, हे जगाने पाहिले आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात तर विचित्र हिशेब निघाला. शेती, जंगलतोड आणि बांधकामामुळे नद्यांत वर्षाला सुमारे २३० कोटी टन जास्त माती येते, तरी समुद्राला पूर्वीपेक्षा सुमारे १४० कोटी टन कमी मिळते. मधला सगळा गाळ जलाशयांत अडकतो.

उपाय आहेत, पण एकही स्वस्त नाही. चीनमध्ये ह्वांग हो नदीवरच्या श्याओलांगदी धरणातून २००२ पासून पाण्याचे मोठे लोट सोडून गाळ पुढे ढकलतात. त्यासाठी तळाशी दरवाजे हवेत आणि सोडायला पाणी हवे. दिवसाला ३८५ कोटी लिटर लागणाऱ्या शहराला ते परवडणे अवघड. महाराष्ट्रात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. काढलेला पोयटा शेतात टाकायचा, ही तिची कल्पना मला मनापासून पटते, कारण ती माती मुळात शेताचीच होती.

मोजणीचे तंत्रही हाताशी आहे. पाणी वेगवेगळ्या पातळ्यांवर असताना उपग्रहाची छायाचित्रे घेतात, पाण्याचा पसारा मोजतात आणि धरण बांधतानाच्या नकाशाशी ताडतात. त्याच पातळीला पसारा जितका आक्रसला, तितका गाळ बसला. उपग्रहाला न दिसणाऱ्या खोल भागासाठी होडीतून ध्वनिलहरी सोडून तळ मापतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था राज्यातल्या जलाशयांची उपग्रहावरून अशी पाहणी करते. जुलैत ‘९५ टक्के’ छापताना हे टक्के कोणत्या वर्षी मोजलेल्या क्षमतेचे आहेत, एवढे एक वर्ष शेजारी छापले जावे.