दिवाळीचा बोनस : शेठची मर्जी की कामगाराचा हक्क?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की कापडाच्या दुकानातल्या सेल्समनपासून खाणावळीतल्या वाढप्यापर्यंत एकच विषय असतो : यंदा शेठ काय देणार? माणसांनी मन लावून काम करावं म्हणून बोनस द्यायचा, असं मालक सांगतात. पण तो मिळेल की नाही, मिळाला तर किती, हे वर्षभर ठाऊकच नसेल, तर त्याच्या आशेवर कोणी जास्त का राबावं?

या प्रश्नाचं मूळ गिरण्यांत आहे. अहमदाबादेत प्लेगच्या भीतीने कामगार गाव सोडू लागले, तेव्हा त्यांना टिकवण्यासाठी मालकांनी घसघशीत प्लेग बोनस दिला. साथ ओसरल्यावर तो बंद झाला आणि 1918 चा संप पेटला. गांधीजी उपोषणाला बसले ते याच संपात. मुंबईत 1917 पासून महागाईपोटी 10 टक्के वॉर बोनस मिळू लागला, पुढे काही वर्षं नफ्यातून वार्षिक बोनसही. 1923 मध्ये मालकांनी तो नाकारला. 1924 च्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. वादाच्या चौकशीसाठी नेमलेल्या, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा ना कायद्याने हक्क, ना रूढीने. ओळीने काही वर्षं हातात पडलेला पैसा कामगाराच्या लेखी पगारच झाला होता, आणि समितीने त्याला बक्षिशी ठरवलं. मला हा निकाल आजही खुपतो.

हक्काची वाट लांबची होती. 1950 मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात लवादाने नफ्यातून बोनस काढायचं सूत्र घालून दिलं, आणि 1965 मध्ये बोनस कायदा झाला. किमान दर आधी 4 टक्के होता, पुढे 8.33 टक्के झाला, म्हणजे वर्षाला एक पगार. मात्र कारखाने सोडले, तर हा कायदा मुख्यतः 20 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांसाठी होता.

सहा माणसांचं दुकान त्याच्या बाहेरच राहिलं. तिथे बोनस म्हणजे अजूनही 1924 सारखीच मालकाची मर्जी. काही दुकानदार पाडव्यालाच सांगून टाकतात, वर्ष भरलं की एक पगार जास्तीचा. तिथला पोरगा उद्या शेजारच्या दुकानात गेला तर काय गमावेल, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. बाकी ठिकाणी धनत्रयोदशीला पाकीट उघडेपर्यंत अंदाजच.