वेळांची नव्हे, वेगांची बेरीज

इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एका वापीचे, म्हणजे बांधीव विहिरीचे, उदाहरण घातले आहे. चार झरे एकेकटे सोडले असता पहिला ती एका दिवसात, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तृतीयांशात आणि चौथा षष्ठांशात भरतो. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? शाळेत ज्यांना आपण काळ-काम-वेगाची गणिते म्हणतो, त्यांचाच हा प्रकार आहे.

विद्यार्थी इथे चुकतात ते आकडेमोडीत नव्हे, तर दिलेल्या वेळांचीच बेरीज किंवा सरासरी करू लागल्यामुळे. झरे वाढले की वेळ कमी व्हायला हवा, त्यामुळे ती बेरीज निरर्थक ठरते. बेरीज होते ती वेगांची. पहिला झरा दिवसाला १ विहीर भरतो, दुसरा २, तिसरा ३ आणि चौथा ६. लागणारा वेळ क्ष दिवस मानला, तर क्ष + २क्ष + ३क्ष + ६क्ष = १, म्हणून क्ष = १/१२ दिवस; दिवस २४ तासांचा धरल्यास २ तास. भास्कराचार्यांचे उत्तरही दिवसाचा बारावा भाग हेच आहे.

वेळांचे व्यस्त घेऊन बेरीज करण्याचे सूत्र पाठ असले, तरी हे उत्तर येते. मग समीकरण कशासाठी मांडायचे? समजा, पहिले दोन झरे आधी सोडले आणि उरलेले दोन ३ तासांनी, म्हणजे १/८ दिवसाने. आता ते सूत्र जसेच्या तसे चालत नाही, पण प्रत्येक झऱ्याचा वेग गुणिले तो वाहिल्याचा काळ हा विचार मात्र तसाच टिकतो : ३क्ष + ९(क्ष − १/८) = १. त्यावरून क्ष = १७/९६ दिवस, म्हणजे ४ तास १५ मिनिटे. क्ष कोणत्या क्षणापासून मोजायचा, हे आधी लिहून ठेवणे माझ्या मते निम्मे गणित सोडवण्यासारखे आहे. कंसातील १/८ नेमका तिथूनच येतो.

या साऱ्याला एक अट आहे : वेग शेवटपर्यंत स्थिर राहिला पाहिजे. पाठ्यपुस्तकांतील ‘गळका हौद’ ही अट पाळत नाही, कारण तळाच्या भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, असे इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी सतराव्या शतकात दाखवले. उंची चौथा हिस्सा उरली की वेग निम्मा होतो. म्हणून सरळ भिंतींचा हौद लहान भोकातून रिकामा होताना वरचा अर्धा भाग एकूण वेळेच्या सुमारे २९ टक्क्यांत ओसरतो आणि खालच्या अर्ध्याला उरलेले ७१ टक्के लागतात. सुरुवातीच्या वेगाने काढलेल्या वेळेच्या बरोबर दुप्पट वेळ तो घेतो.