फ्यूजची तार आणि माणसाचा हात

मृगाचा पाऊस आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उतरला की ‘करंट गेला’ ही हाळी रोजचीच. मग कुणीतरी बॅटरी घेऊन मीटरबोर्डापाशी जातं, फ्यूजची तार बांधलेली चिनीमातीची पांढरी ग्रिप उपसून तार बघतं. तार शाबूत असेल तर दोष टीसीवर. (आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर म्हणजे टीसी, पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडात त्यालाच डीपी म्हणतात.)

ही तार तुटण्यासाठीच घातलेली असते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, आणि सगळ्यात बारीक जागा आधी वितळते. फ्रान्सच्या ब्रेगे यांनी १८४७ मध्येच ही युक्ती सुचवली होती, पण घरासाठी नव्हे, तारायंत्राच्या ठाण्यांसाठी. आकाशातली वीज तारेवरून आत शिरली, तर मधला बारीक तुकडा जळावा आणि यंत्र वाचावं. पुढे एडिसनने वीज घरोघरी न्यायचं ठरवलं, तेव्हा फ्यूज त्या व्यवस्थेचाच भाग झाला. त्याचं पेटंट १८९० चं.

बेळगाव जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, वीज मंडळ बदललं, २००२ मध्ये हेस्कॉम ही वीज वितरण कंपनी आली. ग्रिप मात्र सीमेच्या दोन्हीकडे तीच राहिली, आणि तिचा घोटाळाही तोच. कथलाचा मुलामा दिलेली ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार ५ अँपिअरला, ०.५ ची १५ अँपिअरला. त्यातही ती वितळते साधारण दुप्पट प्रवाहाला. पण ऊस वाळत असताना मोटर सारखी फ्यूज उडवू लागली, तर कोण जाडी मोजत बसणार? तारेचे चार पदर करून पीळ द्यायचे, नाहीतर केबलमधली एखादी लड ओढून बांधायची. मोटर चालते. जळते ती मग मोटरच्या आतली वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि रिवाइंडिंगवाल्याचं बिल फ्यूजवायरच्या पुडीहून बरंच जड असतं.

जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्स यांच्या कंपनीने १९२४ मध्ये एमसीबीचं, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणाऱ्या छोट्या खटक्याचं, पेटंट घेतलं. त्यांचा पहिला एमसीबी फ्यूजच्याच जागी आट्यांनी बसायचा. त्यात दोन पहारेकरी: हळूहळू चढणाऱ्या लोडला वाकणारी दोन धातूंची पट्टी, आणि शॉर्टसर्किटला क्षणात ओढ घेणारी कॉइल. माझ्या मते खरी करामत तिसरीच आहे. आजच्या एमसीबीचा खटका बोटाने दाबून धरला, तरी आतली कळ सुटतेच. माणसाच्या हाताला इथे पीळ द्यायला जागाच नाही.

पण फ्यूज काय, एमसीबी काय, दोघंही राखतात वायर. ओल्या फरशीवर उभ्या माणसातून अर्धा अँपिअरदेखील जात नाही. ५ अँपिअरच्या तारेला त्याचा पत्ताही लागत नाही, माणूस मात्र दगावू शकतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परतलेला प्रवाह तो ताडून पाहतो, आणि घरगुती प्रकारात ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तोडतो. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत नव्या बोर्डावर एमसीबींची रांग आहे, आरसीसीबीच्या जागी प्लास्टिकचं झाकण.