लांजिगड अ‍ॅल्युमिना कारखाना

ओडिशातील कालाहांडी जिल्ह्यात, नियमगिरी डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेला वेदान्त समूहाचा कारखाना. येथे बॉक्साइट दळून, कॉस्टिक सोड्यात विरघळवून अ‍ॅल्युमिनाची पांढरी भुकटी काढतात. ती झारसुगुडा आणि कोरबा येथील अ‍ॅल्युमिनियम धातू काढणाऱ्या भट्ट्यांकडे जाते. मागे उरतो तो लाल चिखल, आणि तो साठवायला मोठे तलाव लागतात. डोंगरमाथ्यावरचे बॉक्साइट हाताशी आहे, या हिशेबावर कारखाना उभा राहिला. त्या माथ्यावर खाण मात्र कधी सुरूच झाली नाही.

नियमगिरीचा माथा सह्याद्रीतल्या सड्यासारखा सपाट आहे. वर जांभ्याचे कवच, त्याखाली बॉक्साइट. हाच थर पावसाचे पाणी धरून ठेवतो, म्हणून उन्हाळ्यातही डोंगरातले झरे वाहतात. डोंगरिया कोंध या आदिवासींच्या लेखी हा डोंगर त्यांचे दैवत नियमराजा याचे ठाणे.

मालकीचा प्रवास वळणावळणाचा आहे. ओडिशा सरकारशी २००३ मध्ये करार झाला. कारखाना वेदान्त अ‍ॅल्युमिना (पुढे वेदान्त अ‍ॅल्युमिनियम) या कंपनीने बांधला. तिचे ७०.५ टक्के भाग लंडनच्या वेदान्त रिसोर्सेसकडे होते, उरलेले स्टरलाइट इंडस्ट्रीजकडे. दोन्हींच्या मुळाशी उद्योगपती अनिल अगरवाल. गोव्यातील सेसा गोवा ही लोहखनिजाची जुनी कंपनी वेदान्त समूहाने २००७ मध्ये जपानच्या मित्सुईकडून घेतली होती. २०१३ मध्ये स्टरलाइट तिच्यात विलीन झाली, अ‍ॅल्युमिनियमचा धंदाही तिच्याकडे आला आणि ‘सेसा स्टरलाइट’ हे नाव पडले. २०१५ मध्ये तेही जाऊन ‘वेदान्त लिमिटेड’ झाले. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर ‘वेदान्त लिमिटेड’चे मूळ गोव्यात सापडते.

वादाची सुरुवात परवान्यापासूनच झाली. सप्टेंबर २००४ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली ती एकट्या कारखान्याला. खाणीचा विचार वेगळा ठेवला गेला. खाणीसाठीच बांधलेल्या कारखान्याची मंजुरी खाण बाजूला ठेवून द्यायची, ही खरे तर अजब तऱ्हा. उत्पादन २००७ मध्ये सुरू झाले, वार्षिक क्षमता १० लाख टन. त्याच वर्षी नॉर्वेच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीने वेदान्तमधून अंग काढून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुमारे ६६० हेक्टर वनजमीन खाणीसाठी वळवायला संमती दिली. पण खाणीच्या प्रस्तावाची तपासणी करणाऱ्या सक्सेना समितीचा अहवाल आल्यावर पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी २४ ऑगस्ट २०१० रोजी वनमंजुरी नाकारली.

१८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. रायगडा जिल्ह्यातली ७ आणि कालाहांडीतली ५ अशी १२ गावे राज्य सरकारने निवडली. डोंगरावरच्या शंभराहून अधिक वस्त्यांतून एवढीच का, ही तक्रार रास्तच होती. भर पावसाळ्यात, जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली १८ जुलैला सेरकापाडी येथे पहिली सभा भरली, १९ ऑगस्टला जरपा येथे शेवटची. बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीचा प्रकल्प फेटाळला. सभा पुन्हा घ्याव्यात म्हणून राज्याच्या खाण महामंडळाने केलेली याचिकाही २०१६ मध्ये निकालात निघाली.

दरम्यान डिसेंबर २०१२ मध्ये बॉक्साइटअभावी कारखाना बंद पडला होता. जुलै २०१३ मध्ये तो बाहेरच्या मालावर पुन्हा चालू झाला. पुढे त्याची क्षमता कितीतरी पटींनी वाढवण्यात आली. गिनीसारख्या देशांतून जहाजाने आलेले बॉक्साइट विशाखापट्टणम बंदरात उतरते आणि मालगाडीने नियमगिरीच्या पायथ्याशी येते.